ओझे की जबाबदारी? : निर्वासितांविषयीच्या करारांचे एक परीक्षण

करारनामे हेही एक प्रकारचे वाङ्मयच होय. त्यांत कल्पनाविलास नसतो, रसपरिपोष नसतो, आणि एखादा करार वाचून कोणाची ब्रह्मानंदी टाळी लागल्याचे आजवर ऐकिवात नाही. तथापि शब्दांची निवड, वाक्यांची मांडणी, कोणती गोष्ट नेमकी सांगावयाची व कोणती मोघम ठेवावयाची ह्याविषयीचे तारतम्य, ही लेखनाची जी सामान्य अंगे, ती तेथेही असतातच. कवीच्या मोघमपणाने फार तर एखादा श्लोक दुर्बोध होतो. करार करणाराच्या मोघमपणाने माणसे सीमेवर उघड्यावर पडतात. तेव्हा टीकाकाराने आपली नेहमीची आयुधे घेऊन ह्या रुक्ष प्रांतात एकदा तरी शिरावयास हरकत नसावी. घरादाराला मुकलेल्या परदेशस्थांना आश्रय देण्याचे काम राष्ट्राराष्ट्रांनी आपसांत कसे वाटून घ्यावे, ह्याविषयी जे दोन प्रमुख जागतिक लेख आज उपलब्ध आहेत, त्यांचा विचार येथे करावयाचा आहे. आणि त्यांच्या तुलनेला आपल्याच नर्मदाकाठचा एक तिसरा लेख घ्यावयाचा आहे. तो निर्वासितांविषयीचा नव्हे, विस्थापितांविषयीचा आहे. पण वाटणीचा प्रश्न दोहोंत एकच आहे.

पहिला लेख १९५१ चा जिनीव्हा करार. आश्रय दिल्यामुळे काही देशांवर वाजवीपेक्षा अधिक ओझे पडण्याचा संभव आहे, आणि आंतरराष्ट्रीय सहकार्यावाचून ह्या प्रश्नाचा समाधानकारक निकाल लागणार नाही, अशा आशयाचे एक वाक्य त्याच्या उपोद्घातात आहे. वाक्य उत्तम आहे. परंतु ते उपोद्घातात आहे, हीच त्यातील मख्खी! पुढे एकंदर ४६ कलमे आहेत. निर्वासिताला शाळा मिळावी, काम मिळावे, प्रवासाचे कागद मिळावेत, आणि जेथे त्याच्या जिवाला धोका आहे तेथे त्याला परत लोटू नये, हे सर्व त्यांत व्यवस्थित सांगितले आहे. मात्र त्या ओझ्यापैकी कोणी किती उचलावयाचे, ह्याविषयी एकही कलम नाही. मंगलाचरणात ज्या देवतेला वंदन करावयाचे, तिचे नाव पुढे साऱ्या काव्यात येऊ द्यावयाचे नाही, असा हा प्रकार झाला.

दुसरा लेख २०१८ च्या डिसेंबर महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८१ मतांनी संमत केलेला निर्वासितांविषयीचा जागतिक समझोता. विरुद्ध मते दोनच पडली, अमेरिकेची व हंगेरीची. ह्या लेखात 'ओझे' ह्या शब्दाच्या जोडीला 'जबाबदारी' हा शब्द आला आहे, आणि पुष्कळ विद्वानांनी ह्या भरतीचे स्वागत केले आहे. माणसाला ओझे म्हणावयाचे नाही, हा त्यातील सद्भाव आम्हांस मान्य आहे. पण मराठी वाचकाला ह्या दुसऱ्या शब्दाचा जो अर्थ सहज लागतो, तो त्या लेखकांच्या ध्यानी असेल असे दिसत नाही. 'जबाबदार' म्हणजे ज्याच्याकडे जबाब देणे लागते तो. ओझे वाहावयास एकटा मनुष्य पुरतो. जबाबदारीला मात्र दोघे लागतात, एक जबाब देणारा व दुसरा तो मागणारा. हा जागतिक समझोता कोणावरही कायद्याने बंधनकारक नाही, असे त्यात स्वच्छ नमूद केलेले आहे. दर चार वर्षांनी सर्वांनी जिनीव्हास जमावे आणि आपापल्या खुशीने वचने द्यावीत, एवढीच योजना. २०१९ व २०२३ साली असे दोन मेळावे भरले. जबाब मागणारा कोठे आहे, हा प्रश्न मात्र तेथे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

हा प्रश्न किती कळीचा आहे हे पाहावयाचे तर कोल्हापूरजवळच्या वळिवडे ह्या गावाची हकीकत पाहावी. १९४० पासून सोविएत सरकारने पूर्व पोलंडातील लक्षावधी लोकांना सैबेरिया, कझाकस्तान इत्यादी प्रांतांत हद्दपार केले होते. १९४१ च्या जुलैत पोलंडचे लंडनस्थित सरकार व सोविएत सरकार ह्यांचा तह झाला, बंदी सुटले, आणि १९४२ साली नव्याने उभारलेल्या पोलिश सैन्याबरोबर हजारो बायकामुले इराणात उतरली. ह्या माणसांचे करावयाचे काय? इराणात दोस्त राष्ट्रांच्या फौजा होत्या, अन्न तुटपुंजे होते. मग वाटणी झाली. काही टांगानिका, युगांडा, केनिया, ऱ्होडेशिया ह्या आफ्रिकेतील मुलखांत गेले. चौदाशेच्या सुमारास मेक्सिकोत गेले. ७३३ मुले १९४४ साली न्यूझीलंडला पोहोचली. आणि काही हिंदुस्थानात आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनी १९४२ सालीच बालाचडी येथे मुलांसाठी छावणी उघडली. पुढील वर्षी मिरज-कोल्हापूर लोहमार्गालगत वळिवड्यास मोठी छावणी उभी राहिली. तीत सुमारे पाच हजार माणसे राहिली, बहुतेक स्त्रिया व मुले.

ह्या छावणीचे कौतुक हल्ली पुष्कळ होते, आणि ते व्हावेही. तेथे पोलिश शाळा चालत, प्रार्थनामंदिर होते, इस्पितळ होते, नाटके होत, बालवीरांची पथके होती. पंचगंगेच्या काठी एक लहानसा पोलंड पाच वर्षे नांदला. २०१९ साली तेथे स्मारकस्तंभ उभारण्यात आला. २०२४ च्या ऑगस्टात भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूरच्या स्मारकास पुष्पचक्र वाहिले. अशा प्रसंगी 'आपण आश्रय दिला' असे एक वाक्य हटकून उच्चारले जाते. ह्या वाक्यातील 'आपण' कोण, हे टीकाकाराने विचारावयास नको काय? जागा कोल्हापूर संस्थानची. परवानगी व देखरेख हिंदुस्थान सरकारची, म्हणजे पर्यायाने ब्रिटनची. खर्च लंडनमधील पोलिश सरकारचा, आणि त्या सरकारपाशी असलेला पैसा बव्हंशी ब्रिटनने दिलेल्या कर्जाचा. ही माणसे युद्ध संपेपर्यंतच राहावयाची, असा आरंभीच संकेत. ज्या १९४३ साली ही छावणी उघडली त्याच साली बंगालात दुष्काळाने लक्षावधी लोक मरत होते. त्या वेळी ह्या देशातील जनतेला तिचे मत कोणी विचारले नव्हते. जामसाहेबांच्या औदार्याविषयी शंका घेण्याचे काहीच कारण नाही. ते स्वयंस्फूर्त होते. पण वळिवड्याचा विशेष औदार्य हा नसून हिशेब हा आहे. जागा कोणाची, पैसा कोणाचा, व्यवस्था कोणाची, आणि पुढे ही माणसे जावयाची कोठे, ह्या चारही प्रश्नांना तेथे कोणीतरी उत्तर देण्यास बांधलेला होता.

त्याची कसोटी लवकरच लागली. १९४५ च्या जुलैत ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, आणि वळिवड्यातील पाच हजार माणसे एका दिवसात बिनसरकारची झाली. परंतु ती उघड्यावर पडली नाहीत. प्रथम संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्य व पुनर्वसन संस्थेने, आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने तो भार घेतला. १९४७ साली ब्रिटनने खास कायदा करून पोलिश सैनिकांना आपल्या देशात वसण्याची मुभा दिली. त्यांची कुटुंबे त्यांच्यामागून गेली. काही ऑस्ट्रेलियास गेली, काही पोलंडला परतली. १९४८ साली छावणी रिकामी झाली. मागे काही थडगी उरली.

बराकी मात्र फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे त्याच जागी वसविण्यात आली, आणि त्या वसाहतीचे नाव गांधीनगर पडले. आज तेथे कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. सणासुदीच्या खरेदीला तेथे जाणाऱ्या किती गिऱ्हाइकांना ह्या जागेचा पूर्वेतिहास ठाऊक असेल कोण जाणे! तीच गोष्ट कल्याणनजीकच्या लष्करी छावण्यांची. तेथे सुमारे एक लक्ष सिंधी निर्वासित आले, आणि १९४९ साली त्या छावण्यांचे उल्हासनगर झाले. तेथील विभागांना लोक अद्यापि 'कॅम्प नंबर' म्हणूनच ओळखतात. महाराष्ट्रात 'निर्वासित' हा शब्द कित्येक वर्षे 'सिंधी' ह्याच अर्थी वापरला जात असे, आणि तो नेहमीच प्रेमाने वापरला जात असे असे म्हणवत नाही.

आता पाहा, जागा तीच, बराकी त्याच, माणसांचे दुःखही त्याच जातीचे. पण पोलिश कुटुंबांच्या मागे जे जागतिक हिशेबाचे पुस्तक उघडले गेले होते, ते सिंधी कुटुंबांसाठी कोणी उघडले नाही. फाळणीने सव्वा कोटीच्या आसपास माणसे इकडची तिकडे झाली. त्या काळच्या सर्वांत मोठ्या स्थलांतरांपैकी हे एक होते. असे असता १९५१ च्या कराराची व्याख्या अशी बेतलेली होती की, ह्यांपैकी जवळजवळ कोणीच तिच्यात बसू नये. ज्याला स्वतःच्या राष्ट्राचे संरक्षण नाही तोच निर्वासित. आणि सिंधमधून आलेल्या माणसाला तर भारताचे नागरिकत्व होते. तर्कदृष्ट्या हे निर्दोष आहे. शिवाय १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनाच विचारात घ्यावयाच्या, आणि वाटल्यास सही करणाऱ्या राष्ट्राने त्या केवळ युरोपातील घटनांपुरत्याच मर्यादित मानाव्यात, अशीही सवलत होती. ह्या मर्यादा १९६७ च्या पुरवणी कराराने उठविल्या. भारताने दोहोंपैकी एकावरही सही केलेली नाही, ह्याबद्दल परकीय लेखक नाके मुरडतात. ती मुरडण्यापूर्वी त्यांनी गांधीनगर एकदा पाहून यावे. ज्या ग्रंथात आपल्या घरच्या सर्वांत मोठ्या दुःखाला स्थान नाही, त्या ग्रंथाविषयी एखाद्याला आदर वाटला नाही, तर त्याला अरसिक कसे म्हणावे? अर्थात सही न केल्याने आपल्याकडे ह्या विषयाचा कायदाच झाला नाही, आणि कोणाला ठेवावयाचे व कोणाला घालवावयाचे हे त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर राहिले, हा दोष उरतोच. तो झाकण्याची आमची इच्छा नाही. तिबेटी लोकांना आपण जमिनी दिल्या. गोंदिया जिल्ह्यात नॉर्ग्येलिंग ही त्यांची वसाहत १९७२ पासून आहे. सर्वांच्याच वाट्याला असे भाग्य आले नाही.

१९७१ साली पूर्व बंगालातून सुमारे एक कोटी माणसे आली, तेव्हाही हाच अनुभव आला. बाहेरून साहाय्य आले, पण खर्चाचा मोठा वाटा ह्याच देशाने सोसला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. त्या काळच्या कुटुंबांतून ज्यांनी जुनी पत्रे जपून ठेवली असतील, त्यांना ते तिकीट पाकिटावर सापडेल. जगातील एका प्रचंड आपत्तीची वाटणी शेवटी शहादे किंवा सातारा येथून माहेरी पत्र लिहिणाऱ्या सुनेपर्यंत पोहोचली, पण ती वॉशिंग्टन-पॅरिसपर्यंत पुरेशी पोहोचली नाही.

वाटणी कधी साधलीच नाही असे मात्र नव्हे. व्हिएतनाम, लाओस व कंबोडिया येथून लोक नावांतून पळू लागले, तेव्हा १९७९ च्या जुलैत जिनीव्हास परिषद भरली, आणि पुनर्वसनासाठी निरनिराळ्या राष्ट्रांनी २,६०,००० जागा देऊ केल्या. जवळच्या देशांनी तूर्त आसरा द्यावा आणि दूरच्या श्रीमंत देशांनी त्यांना कायमचे घर द्यावे, असा तो सौदा होता. तो जमला, कारण नावा पुन्हा समुद्रात लोटण्याची धमकी मलेशियासारखे देश उघड उघड देत होते, आणि ज्या अमेरिकेने तेथे युद्ध केले होते तिला तोंड चुकविणे अवघड होते. जबाब मागणारा तेथे होता. तो सभ्य रीतीने मागत नव्हता, एवढेच. ह्याच्या उलट १९३८ ची एव्हियांची परिषद. जर्मनीतील ज्यूंना घेण्याविषयी ३२ राष्ट्रे तेथे बोलली, आणि डोमिनिकन प्रजासत्ताकासारखा एखादा लहान देश सोडला तर कोणी काही देऊ केले नाही. ज्यूंच्या वतीने जबाब मागणारे सरकार त्या काळी पृथ्वीच्या पाठीवर नव्हते.

युरोपीय संघाने मात्र अलीकडे ह्याचे गणितच मांडले. २०१५ साली इटली व ग्रीस येथून १,६०,००० आश्रयार्थी इतर सभासद देशांत वाटून द्यावयाचे ठरले. लोकसंख्येला ४० टक्के, राष्ट्रीय उत्पन्नाला ४० टक्के, बेकारी व पूर्वी दिलेला आश्रय ह्यांना प्रत्येकी १० टक्के, अशी मापे त्यासाठी सुचविण्यात आली. सूत्र म्हणून ते वाईट नाही; 'आपापल्या शक्तीप्रमाणे' ह्या गुळगुळीत शब्दांपेक्षा शतपट बरे. पण प्रत्यक्षात दोन वर्षांत सुमारे ३५,००० माणसेच हलली. ज्यांनी एकही मनुष्य घेतला नाही त्यांत पोलंड होता! ज्याच्या लेकीबाळींना इराणने, आफ्रिकेने, मेक्सिकोने आणि करवीरनगरीने ठेवून घेतले, तोच पोलंड. युरोपच्या न्यायालयाने २०२० च्या एप्रिलात त्याला, हंगेरीला व चेक प्रजासत्ताकाला दोषी ठरविले. तोवर योजनेची मुदत संपून अडीच वर्षे लोटली होती. आणि दोनच वर्षांनी, युक्रेनवर आक्रमण होताच, ह्याच पोलंडने आपली दारे सताड उघडली, व दहा लाखांच्या आसपास युक्रेनी लोकांना संरक्षण दिले. ह्यावरून कृतघ्नतेचा आरोप करण्याची घाई करू नये. शेजारचा, भाषेने-चालीरीतीने जवळचा मनुष्य आला की दार उघडते, दूरचा आला की कडी लागते. हा दोष पोलंडचाच आहे असे समजण्याइतके आपण भोळे नाही. म्हणूनच वाटणीचे सूत्र दार उघडण्याच्या क्षणीच्या भावनेवर सोडून चालत नाही. शेजार हा भूगोलाचा अपघात आहे. आणि आज जगातील निर्वासितांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, त्याचे मुख्य कारण एवढेच की ते देश आपत्तीच्या शेजारी आहेत.

२०२४ साली युरोपीय संघाने जो नवा कायदा केला, त्यात ह्यावर एक तोड काढली आहे: माणसे घ्यावयाची नसतील तर दर माणसामागे वीस हजार युरो द्यावेत. पैशाने वाटा उचलणे हे मुळात गैर आहे असे नव्हे. वळिवड्यास पैसा एकाचा व जागा दुसऱ्याचीच होती, आणि व्यवस्था चांगली चालली. परंतु तेथे पैसा पोलंडचाच होता, आणि मुदत ठरलेली होती. काही राष्ट्रांनी कायम पैसा मोजावा आणि काहींनी कायम माणसे सांभाळावीत, असे एकदा रूढ झाले की राष्ट्रांत दोन वर्ण निर्माण होतील, आणि दुसऱ्या वर्णातील राष्ट्रे हळूहळू छावणीचे रखवालदार बनतील.

आता तिसरा लेख. ब्राह्मणपुरी ज्या शहादे तालुक्यात आहे, तो आणि शेजारचा तळोदे तालुका, ह्यांच्या सपाटीत सातपुड्यावरून खाली आणलेल्या आदिवासी कुटुंबांच्या वसाहती आहेत. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील अक्राणी व अक्कलकुवे तालुक्यांतील ३३ गावे जावयाची होती; मध्य प्रदेशातील १९३ व गुजरातेतील १९. धरण गुजरातेत, पाणी मुख्यतः गुजरातेस व राजस्थानास, बुडणारी माणसे तिन्ही राज्यांतील. हे देशांतर्गत प्रकरण खरे. पण एकाच्या लाभासाठी दुसऱ्याच्या माणसांनी घर सोडावयाचे, आणि त्यांना जागा कोणी द्यावयाची हा प्रश्न, त्याच्या अंतरंगात निर्वासितांच्याच प्रश्नासारखा आहे. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली जो निवाडा दिला, तो वाङ्मय म्हणून वाचला तर त्याची भाषा नीरस आहे. आणि नेमका त्यातच त्याचा गुण आहे. त्यात 'सहकार्य', 'एकजूट' हे शब्द शोधावे लागतील. उलट, ज्याची चतुर्थांशाहून अधिक जमीन गेली त्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर सिंचनयोग्य जमीन मिळावी. सज्ञान पुत्राचे स्वतंत्र कुटुंब धरावे. खर्च गुजरातने सोसावा. विस्थापिताने गुजरातेत जावयाचे की आपल्या राज्यात राहावयाचे हे त्याने स्वतः ठरवावे. आणि ही व्यवस्था झाल्यावाचून जमीन पाण्याखाली जाऊ नये, असे त्यात कर्ता, कर्म, क्रियापद ह्यांसह लिहिले आहे. कोणी, किती, केव्हा, हे तिन्ही प्रश्न तेथे सुटतात. आणि चौथी गोष्ट, जी १९५१ च्या करारातही नाही व युरोपच्या सूत्रातही नाही, ती म्हणजे ज्याची वाटणी व्हावयाची त्या माणसाची पसंती. इटलीतून हलविलेले कित्येक आश्रयार्थी नेमून दिलेल्या देशातून निघून गेले, ह्यात नवल ते काय? मनुष्य हा धान्याचे पोते नव्हे.

परंतु ह्या निवाड्याचे गुणगान येथेच थांबविले पाहिजे, कारण त्याचा पुढील इतिहास आमच्या डोळ्यांदेखत घडला आहे. गुजरातने पुढे सज्ञान पुत्रांना व भूमिहीनांनाही दोन हेक्टर देण्याचे धोरण ठरविले; महाराष्ट्राने तितके दिले नाही. म्हणजे एकाच निवाड्याखाली, एकाच घरातील भावाभावांची किंमत राज्याच्या सीमेप्रमाणे बदलली. मणिबेलीसारख्या गावांतील काही कुटुंबे गुजरातेत गेली, इतरांसाठी १९९० साली तळोद्याच्या राखीव जंगलातील २,७०० हेक्टर जमीन मोकळी करण्यात आली; त्या जंगलावर ज्यांची उपजीविका होती, त्या स्थानिक लोकांना ह्या वाटणीत कोणी पक्षकार मानले नाही, आणि दोन गरीब समाज एकमेकांसमोर उभे राहिले. पाणी मात्र कोणासाठी थांबले नाही. तरीही एक फरक राहतोच. येथील विस्थापिताला मोर्चा काढताना हातात कागद धरता येत असे, त्यावरील कलम दाखविता येत असे, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन, अमुक देणे आहे, ते द्या, असे म्हणता येत असे. हजारो कुटुंबांना जी जमीन मिळाली, ती बहुतांशी ह्या मागणीमुळे मिळाली.

आणि झगडा शेवटी कोठे येऊन अडला? दोन हेक्टरांच्या न्यायान्यायतेवर नव्हे. तो अडला गणतीवर. कोण विस्थापित आणि कोण नव्हे, ह्याची यादी जे सरकार जमीन देणार तेच करीत होते. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांत ज्यांच्या जमिनींची कधी धड मोजणीच झाली नव्हती, त्या कुटुंबांची कागदावर 'घोषित' आणि 'अघोषित' अशी विभागणी झाली, आणि अघोषितांतून घोषितांत येण्यासाठी काहींची एक पिढी खर्ची पडली. जागतिक समझोत्याच्या कर्त्यांनी उद्या आपल्या लेखात राष्ट्रांचे वाटे आकड्यांनी लिहावयाचे ठरविलेच, तर निर्वासितांची यादी कोण करणार, हे कलम त्यांना सर्वांत आधी लिहावे लागेल. सध्याच्या मसुद्यात ते नाही.